बेल्ह्याच्या बांधावरचा कोरा चहा

आणि दादा, ते "परमुलखात मेलास तर पाणी पाजायलाही कुणी यायचं नाही" हे आता पुरे कर. फोनवर ऐकवलंस, मामाच्या तोंडून ऐकवलंस, आणि मागच्या पोस्टखाली कॉलेजच्या पोराकडून टाइप करून घेऊन कॉमेंटमध्येही ऐकवलंस. सगळ्या जगाने वाचलं. म्हणजे सात जणांनी, पण वाचलं ना! म्हणून ही सहलही सगळ्या जगासमोरच लिहितो. तू स्वतः टेम्पोत होतास, तुला नाही म्हणता येणार नाही.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी राजुरीचा. आठवीत शाळेचा आणि माझा एकमेकांवरचा विश्वास उडाला. कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून कलकत्त्याला गेलो. ट्रक परत आला, मी नाही आलो. तेव्हापासून टांगऱ्यात, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीत, लिऊ अंकलच्या हॉटेलात भटारखान्यात आहे. दादाची मंचरला स्टँडजवळ चायनीजची गाडी आहे, तिच्यावर लाल ड्रॅगन काढलाय. ड्रॅगनचं तोंड आमच्या मामासारखं आलंय, ते सोडा.

तर अंकल कॅनडाला निघाले, कायमचे. टांगऱ्यातली निम्मी घरं अशीच बंद झालीत. चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवायला लागले, पोरं परदेशी गेली, मागून म्हातारी निघाली. अंकलची मुलगी टोरांटोला. तिकीट आलं, बॅगा भरल्या, आणि अंकल कढईसमोर उभे राहून म्हणाले, "बाळू, तेरा गाँव के पास बेल्हे है क्या?"

माझ्या हातातला झारा पडला. बेल्हे? राजुरीहून सायकलवर जाण्याइतकं जवळ! पण हे नाव या माणसाच्या तोंडात आलं कुठून?

मग कळलं. अंकलचे वडील रेशीम विकायचे. चीनमधून आलेली त्यांच्याकडची बरीच माणसं तोच धंदा करायची: पाठीवर किंवा सायकलवर कापडाचं गाठोडं आणि गावोगाव फिरणं. कुणी दात बसवायचे, कुणी बूट शिवायचे, ह्यांचं कापड. घर पुणे कॅम्पात, फिरती जुन्नर-आंबेगाव. बासष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षी बेल्ह्याच्या बाजारात ताप भरला आणि तिथेच गेले. एका गाडीवानाने सायकल आणि गाठोडं पुण्याला आणून दिलं. तिथेच पुरलंय, एवढाच निरोप. पुढच्या वसंतात जाऊ असं आई म्हणत राहिली, आणि लढाई लागली. शेजारी बोलेनासे झाले. आई पोरांना घेऊन कलकत्त्याला बहिणीकडे गेली. तिथे पोलिसांत हजेरी, शहराबाहेर जायचं तर परवाना. आंटींचं, म्हणजे अंकलच्या बायकोचं, अख्खं माहेर आसामातून उचलून राजस्थानच्या छावणीत नेलं होतं, त्यामुळे परवाना मागायला जायचीही भीती. नंतर परवाने गेले, पण भीती राहिली, आणि मग हॉटेल, पोरं, लग्नं.

त्यांच्यात वसंतात एक दिवस असतो. थोरल्या मुलाने बापाची कबर झाडायची, जेवण ठेवायचं, वर खर्चायला कागदी नोटा जाळायच्या. नाही केलं तर मेलेलं माणूस उपाशी फिरतं. "मेरा बाप," अंकल म्हणाले, "इतना साल भूखा है. उसको भूखा छोड़ के प्लेन में कैसे बैठेगा?"

मग काय, निघालोच की!

हावडा ते पुणे दोन रात्री. स्लीपरचं तिकीट लवकर काढा, उन्हाळ्यात मिळत नाही. नागपूरला संत्री घ्या, आम्ही पूजेसाठी घेतली आणि अर्धी भुसावळच्या आत संपवली. अंकलच्या पिशवीत उदबत्त्या, लाल मेणबत्त्या आणि जुन्या चिनी बाजारातून आणलेल्या खोट्या नोटांचं बंडल. त्यावर लांब दाढीचा देवराजा आणि पुढे इतकी शून्यं की टीसी बराच वेळ मोजत उभा राहिला.

शिवाजीनगरहून मंचरची एसटी. तिकीट चाळीसच्या आसपास, डावीकडे बसू नका, दुपारचं ऊन तिकडून येतं. चाकणला गाडी खच्चून भरली. कंडक्टर ओरडला, "पुढं सरका, बाबा, पुढं सरका!" आणि माझ्या मागून आवाज आला, "सरकतो की रे! ढकलतो कशाला? तुझ्या बापाची गाडी हाय का?"

मी वळून पाहिलं. लिऊ अंकल! इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर कांदे चिरले, एक अक्षर मराठी ऐकलं नव्हतं. सगळी बस गप्प. अंकल स्वतःच तोंडावर हात ठेवून उभे, जणू कुणी दुसराच बोलला. मग कंडक्टर हसायला लागला आणि बसभर हशा फुटला. एका आजीने सरकून त्यांना जागा दिली आणि मांडीवर नातू दिला, "धरा जरा." खेडचा घाट संपेपर्यंत अंकलना विटीदांडूचे सगळे शब्द आठवले आणि कॅम्पातल्या सगळ्या शिव्या. मराठी दहा वर्षांच्या पोराची, तोंड साठीच्या माणसाचं. मी हसून हसून सीटखाली गेलो.

मंचरला उतरलो तर दादाने गाडीला हार घातलेला. खरा चिनी माणूस येणार म्हणून सगळ्या स्टँडला सांगून ठेवलेलं. प्लेट पुढे केली, टॉवेल खांद्यावर, श्वास रोखून उभा.

अंकलनी एक गोळा खाल्ला. "ये क्या है?"

"हे?" दादाचा चेहरा पडला. "हे तुमचंच की, अंकल! मंचुरियन!"

अंकलनी अजून एक खाल्ला. विचार केला. "हमारा नहीं है," ते म्हणाले, "लेकिन अच्छा है." आणि दुसरी प्लेट मागितली. दादाने त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं आणि आता ते गाडीवर रंगवूनही घेतलंय.

सकाळी बैल घेऊन बाजाराला चाललेला टेम्पो मिळाला. दादा आणि अंकल पुढे, मी मागे दोन बैलांच्या मधे. बैलबाजार बघायचा असेल तर असंच जा आणि जुने कपडे घाला. नारायणगाव गेलं, आळेफाट्याला चहा झाला, राजुरीत मी उतरलोच नाही, आई पाहील आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून खाली वाकून बसलो. (आई, तू हे वाचत नाहीस, पण दादा वाचून दाखवणार. येताना आलो ना?)

बेल्ह्याचा बाजार ऐन भरात. रुमालाखाली बोटं धरून बैलांचे भाव चाललेले. अंकल मधोमध उभे, हातात पिशवी. एवढ्या मोठ्या बाजारात इतक्या वर्षांपूर्वीचं एक माणूस कुठे शोधायचं? त्यांचा चेहरा बघून माझीही मस्ती उतरली. पण दादाला लाज नावाची गोष्ट नाही. वजनकाट्यावर चढून ओरडला, "ओ पावणं! फार पूर्वी एक चिना कापडवाला हितं वारला. कुणाला ठावं हाय का?"

रुमालाखालचा हात न काढता एक म्हातारा दलाल म्हणाला, "रेशीमवालं पावणं? दूध न पिणारं?"

अंकलनी माझा दंड इतका घट्ट धरला की खूण अजून आहे. त्यांच्या घरात कुणीच दूध पीत नाही. टांगऱ्यात चहा कोराच.

"हौसाच्या वस्तीवर जा," म्हातारा म्हणाला, "वढ्याच्या पल्याड. आन् आता मला भाव करू द्या."

हौसामावशीचं मेंढरं राखणारं घर. आता शेती आहे, तरी दारात दहा-बारा मेंढ्या आहेतच. मावशीने अंकलकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "त्येंचं नाक तसंच हाय." मग सुनेला हाक मारली, "कोरा च्या टाक गं!"

मी नवी नवरी होते, मावशी सांगत होती. बाजाराच्या आदल्या रात्री पावणं आमच्या वसरीला झोपायचं. सासू वाटीभर दूध पुढं करायची, तर हात जोडून नगं म्हणायचं. "धनगराच्या वसरीला बसून दूध नगं! सासू दोन बाजार रुसली व्हती. मग सासऱ्याला कळलं का त्येंच्या पोटाला चालतच न्हाई. तवापासून ह्या घरात कुणी पोर दूध नगं म्हणालं का आमी म्हणतो, आलं बघा रेशीमवालं!"

"कहाँ हैं?" अंकल म्हणाले, आणि मग हळूच मराठीत, "कुठं हाय बाबा?"

बांधावर, हिवराच्या झाडाखाली. ह्या घरात माणसं आपल्याच बांधाला पुरतात. चुन्याने रंगवलेल्या दगडांची ओळ: सासरा, सासू, मावशीचा नवरा. आणि सासऱ्याच्या शेजारी अजून एक.

अंकलनी पिशवीतून लहान केरसुणी काढली. झाडायला वाकले, तर झाडायला काही नव्हतंच. ते तसेच वाकून राहिले. "आई म्हणायची," ते म्हणाले, "बाबा उपाशी असंल."

मावशी भडकलीच. "उपाशी? आमच्या बांधावर? दर आखितीला पित्रांसंगं ताट असतंय! ह्या समद्यास्नी दुधाची खीर, आन् ह्येंच्या म्होरं गुळाची पोळी आन् कोरा च्या. इचारा सुनंला! उपाशी म्हणं!"

अंकल खाली बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसायला लागले, कारण मावशीचं थांबतच नव्हतं. एका साली पाऊस नव्हता, मेंढरं मेली, तरी ताट चुकलं नाही, असं सगळं सुनावून झाल्यावरच ती गप्प झाली.

मग मांडणी केली. मावशीच्या चुलीवर उकडलेली अख्खी कोंबडी, भात, उरलेली संत्री, आणि दादाने डब्यातून आणलेलं मंचुरियन. अंकलनी तेही ठेवलं. उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकले, आणि नोटांचं बंडल पेटवलं.

"आरं आरं आरं!" दादा टॉवेल घेऊन आगीवर. एवढा पैसा जळताना त्याला बघवेना. टॉवेलचं टोक पेटलं, मेंढ्या पळाल्या, मावशीची नातवंडं नोटा वेचायला धावली. सगळं समजावून होईपर्यंत दादा काळा झाला होता. मावशीने एक नोट उलटसुलट करून पाहिली.

"वर चालत्यात व्हय ह्या?"

"चालतात," अंकल म्हणाले.

"मग आमच्या म्हाताऱ्याच्या नावानं बी टाका दोन. बिडीला व्हतील."

अंकलनी वाचलेल्या नोटा प्रत्येक दगडापुढे थोड्या थोड्या जाळल्या. मग सगळे तिथेच बांधावर जेवलो. निघताना अंकलनी खरे पैसे काढले, तर मावशीने हात झटकला. "पावण्याच्या जेवणाचं पैसं घेत्यात व्हय? जावा आता इमानात. आमी हाय हितं."

येताना टेम्पोत दादाने जळक्या टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाला, "बाळ्या, तिकडं तुझं ताट कोण वाढतं रं?"

"आंटी."

"आन् सोमवारी?" मी सोमवार धरतो, त्याला माहीत आहे.

मी सांगायला गेलो आणि माझ्याच लक्षात आलं. खिडकीजवळच्या खिळ्याला एक लहान कढई टांगलेली असते. सोमवारी आंटी माझी भाजी तीतच करायच्या, मटण-मासळी तीत कधी शिजत नाही. मी आलो त्या पहिल्या महिन्यापासून ती तिथेच आहे आणि मला वाटायचं, लहान आहे म्हणून एरवी कुणी वापरत नाही.

अंकल-आंटी गेले परवा. विमानतळावर अंकलनी सगळ्यांसमोर मला मराठीत शिवी दिली आणि मिठी मारली. हॉटेल आता पुतण्याकडे. कढई खिळ्याला आहे. तर दादा, पाणी पाजायला कोण येणार ते मला माहीत नाही, पण तू एवढी काळजी करू नकोस. मी दिवाळीला येतो.

आखिती जवळ आली. मावशीला पैसे द्यायला जाऊ नकोस, तांब्या फेकून मारेल. सामान ने: कोंबडी, संत्री, गूळ, चांगली चहापत्ती, आणि बाकीच्या तिघांच्या खिरीला दूध. मंचुरियन तुझ्याकडून. जळालेल्या टॉवेलचेही धरलेत. उद्या मनीऑर्डर करतोय, एक हजार एक रुपये.