बुडीतातलं वळण

गाडी फेरी मारून आली की मी आधी टायरांकडे बघायचे, मग नवऱ्याकडे. ह्यावरून ह्यांनी मला चारचौघांत कितीदा चिडवलं असेल. "आमच्या बाईसायबांना मी गेलो तरी चालंल, टायर फाटता कामा न्हाई," असं म्हणायचे आणि मित्र हसून लोळायचे. मी हसत नसे. वळण किती जोरात घेतलं हे नवरा कधी खरं सांगायचा नाही, टायर सांगायचा. आणि हा माणूस धडधाकट घरी यावा, एवढंच मला हवं होतं.

माझ्या वडिलांचं आळेफाट्यावर टायरचं दुकान होतं. रबराच्या वासात मी वाढले. लग्न होऊन बोरीला आले, तर नवऱ्याला ऑटोक्रॉसचा नाद लागलेला. म्हणजे मोकळ्या माळावर ड्रम मांडायचे, त्यांच्यामधून वेड्यावाकड्या वळणांची वाट आखायची आणि एकेकाने घड्याळ लावून गाडी पळवायची. दोन हजार सालच्या आगेमागे पुण्या-नाशकाकडे अशा स्पर्धा होत. हौशी लोकांच्या गटात रोजच्या वापरातलेच टायर लावावे लागत, म्हणून सगळा खेळ टायरवर. सासूबाईंना मात्र एकच कळत नसे. "एवढं पेट्रोल जाळून पुन्यांदा तिथंच यायचं, तर जायचं कशाला?"

टायर निवडण्यावरून ह्यांचं आणि माझ्या वडिलांचं पहिल्याच वर्षी वाजलं. ह्यांना हवे होते कोरे करकरीत, खोल नक्षीचे. वडील म्हणाले, "पावणं, नवा टायर वळनाला लई हलतो. नक्षी उंच असती, ती मुडपती. निम्मा झिजल्याला घ्या, पन रबर मऊ बघा." मग अंगठ्याचं नख रोवून दाखवलं. नख रुतलं तर घ्यायचा, निसटलं तर रबर म्हातारं झालं. अपघातातल्या गाडीचा टायर मात्र ते कुणाला विकत नसत, कितीही चांगला असला तरी. दुकानामागे भिंतीला टेकवून ठेवत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "त्याला वाट म्हाईत झाल्याली असती." लहानपणी त्या भिंतीकडे मी एकटी जात नसे.

टायरांची निगा माझ्याकडे आली ती अशी. ह्यांना धीर नाही. प्रत्येक फेरीनंतर नक्षीतले खडे काढा, हवा मोजा, पुढचे मागे आणि मागचे पुढे करा, हे सगळं मी करायचे. हंगाम संपला की धुऊन, पुसून कांदे साठवायच्या बराखीत सावलीला फळ्यांवर रचून ठेवायचे. आणि खडू. जिथे नक्षी संपून टायरची बाजू सुरू होते, तिथे खडूची रेघ ओढायची. फेरीनंतर रेघ जशीच्या तशी असेल तर हवा जास्त आहे. सगळी पुसून गेली तर हवा कमी आहे, टायर वळणावर आडवा पडतोय. ह्यांचा स्वभाव असा की रेघ नेहमी सगळी पुसलेली.

सरावाला जागा मिळायची नाही. मग कुणीतरी डिंभ्याच्या धरणाचा तळ सुचवला. मे महिन्यात पाणी आत सरकलं की गाळाचं मोठं सपाट मैदान उघडं पडायचं. पांढरं, भेगाळलेलं आणि दगडासारखं कडक. तिथे आधी एक गाव होतं. आता काही नव्हतं. देवळाच्या चौथऱ्याचे चार दगड आणि एक काळा पडलेला चिंचेचा बुंधा, बस. टळटळीत दुपार, पाखराचा आवाज नाही. गाडी बंद केली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि मी तसं ह्यांना सांगितलंही.

ह्यांनी आणि मित्रांनी वाळूने भरलेले ड्रम मांडले. ह्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या आणि मी गाडीच्या सामानापाशी बसले होते. तेवढ्यात वरच्या वस्तीतल्या दोन बायका डोक्यावर सरपण घेऊन मैदानात उतरल्या. सरळ चालत आल्या, मग एकदम काटकोनात वळल्या. थोडं चालून पुन्हा वळल्या. मैदानात अडवायला काडीसुद्धा नव्हती. लांबच्या ड्रमपाशी आल्यावर मात्र काटकोनात न वळता त्या गोल वळसा घेऊन गेल्या. एवढं जड ओझं घेऊन हा फेरा कशासाठी, मला कळेना.

त्यांतली म्हातारी पाणी प्यायला माझ्याजवळ थांबली, दुसरी पुढे निघून गेली. मी विचारलं, "आजी, सरळ का न्हाई आलात?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जसं काही मला दिसतच नाही. "सरळ कशी येऊ? मधी घर हाय ना," ती म्हणाली. आणि ओझं सावरून चिंचेच्या बुंध्याच्या सावलीला जाऊन बसली.



गाडी आली. मी सवयीने डाव्या पुढच्या टायरपाशी वाकले. खडूची रेघ पुसलेली होती, त्याचं नवल नव्हतं. पण कडेला बोटभर काळा चिखल लागला होता. ओला आणि थंडगार. मैदान तर धुरळा उडेल इतकं कोरडं. मी तो फडक्याने पुसला, नवी रेघ ओढली. पुढच्या फेरीनंतर चिखल तळहाताएवढा होता आणि त्याला जुन्या, झाकून राहिलेल्या पाण्याचा वास होता.

"अगं, धरनाची जागा हाय. चिखल नसंल तर काय असंल?" हे म्हणाले.

मी टायरच्या खुणेवरून चालत गेले. सगळी खूण पांढरी. फक्त लांबच्या ड्रमजवळ, वळणाच्या आतल्या अंगाला भेगांच्या कडा काळ्या दिसत होत्या. वाकून हात टेकवला. भर दुपारी ती जमीन गार होती. आणि ड्रम सकाळी सरळ उभा होता, तो आता किंचित कलला होता. मला त्या बायकांची चाल आठवली. घरांना कोपरे असतात, म्हणून त्या कोपऱ्याला वळल्या. पण इथे त्या गोल फिरल्या. गावात गोल काय असतं?

विहीर!

मी धावत परत आले. हे गाडीत बसले होते, इंजिन चालू, काच वर. सगळ्यांत वेगाची फेरी आता मारायची होती. मी ओरडले ते ऐकू गेलं नाही, की ऐकून घेतलं नाही, देव जाणे. मी खाली बसले, डाव्या टायरच्या व्हॉल्व्हमधली हवा अडवणारी पिन, ती काढायला मी ओढणीच्या गाठीत बांधून ठेवत असे त्या खाचेच्या लोखंडी टोपणाने फिरवून काढली. हवा सूं करून सुटली आणि गाडी त्या बाजूला बसली.

हे उतरले ते लालबुंद होऊन. "भीती वाटती तर घरी बसायचं!" मित्रांसमोर असं मला ते कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "तिथं विहीर हाय." ते म्हणाले, "कोन म्हनतं?" मी चिंचेच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. मला खोटं पाडायला म्हणून ते तरातरा म्हातारीकडे गेले, मी मागे.

"आजी, त्या डरमापाशी काय हाय?"

"गावाची हीर."

"बुजवली व्हती ना?"

"कशाची बुजवत्यात. जाताना ढोरं पडू न्हाईत म्हनून सागाच्या फळ्या टाकल्या व्हत्या. मंग पानी आलं."

हे काही बोलायच्या आत तिची नजर आमच्या मागे गेली. आम्ही वळून पाहिलं. ड्रम होता. मग तो नव्हता. धूळसुद्धा उडाली नाही. पाण्याचा आवाज आला तो बऱ्याच वेळाने, खोलवरून.

म्हातारी उठली. "उघडली का," एवढंच म्हणाली, कुणी दार उघडल्यावर म्हणतात तसं. मित्रांनी चाक बदलून दिलं. ह्यांनी माझा हात धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही, गियरसुद्धा माझा हात हातात धरूनच टाकले.

ऑटोक्रॉस सुटला नाही, जागा बदलली. पण पुढच्या उन्हाळ्यात ह्यांच्याच मनात आलं की त्या विहिरीला नारळ द्यावा. वस्तीवाल्यांनी तिच्याभोवती काटेरी कुंपण घातलं होतं. मी गाडीपाशी टायर बघत होते, हे नारळ घेऊन पुढे निघाले. मान वर केली तर हे रिकाम्या मैदानात चालत होते. सरळ गेले, आणि एकदम काटकोनात वळले. थोडं जाऊन पुन्हा वळले.

"अहो, सरळ जा ना!" मी ओरडले.

ते थांबले, मागे वळले. चेष्टा करताना ह्यांचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. ती चेष्टा नव्हती.

"मधी घर हाय ना," ते म्हणाले. म्हातारीचं हे बोलणं मी ह्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

मी त्यांना एकटं सोडणार नव्हते. हातातला खडू तिथेच टाकून मागोमाग निघाले, आणि ते वळले होते तिथे मीही वळले.