ताणावरची बाग

रागिणी ही शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची पोरगी. अमरावतीला आमच्या कॉलेजात गेम डेव्हलपमेंट शिकायला आली तेव्हा तिला कॉम्प्युटर नीट बंदही करता येत नव्हता. सरळ बटण दाबून मोकळी व्हायची. तिसऱ्या वर्षी मी शिकवत असताना तीच माझ्या चुका काढू लागली. मला रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

शेवटच्या वर्षाचा गेम तिने केला संत्र्याच्या बागेवर. खेळणाऱ्याने बाग सांभाळायची, बहार आणायचा. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, जुलैपर्यंत पदवी हातात हवी. नाहीतर घरी स्थळांची यादी तयारच होती.

तो गेम मी दहादा खेळलो. मीही त्याच भागातला, वरूडकडचा. बागेचं पाणी महिना-दीड महिना तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल झाली की पाणी सोडायचं. मग फुलं फुटतात. हे गेममध्ये कुठे लिहावं लागेल, असं ना तिच्या मनात आलं, ना माझ्या. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बाहेरून आलेले परीक्षक मात्र मन लावून रोज पाणी देत गेले. झाड हिरवंगार, फूल एकही नाही. तीनदा खेळून त्यांनी माउस बाजूला सारला.

"लॉजिकच चुकलंय. एवढं पाणी देऊन फळ नाही?"

"सर, बाग ताणावर सोडा लागते," रागिणी म्हणाली. "मंग बहार फुटते."

"पाणी तोडून फळं? काहीही!" ते माझ्याकडे वळले. "काय हो, शेखर सर?"

एक वाक्य पुरे होतं. पण मी पडलो तासिका तत्त्वावरचा मास्तर. परीक्षकांशी वाद घालणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी यादीत नसतं, हे मी पाहिलेलं.

"तपासावं लागेल," मी म्हणालो.

त्यांनी नापास केलं. परीक्षा पुन्हा डिसेंबरात.

लॅब रिकामी झाल्यावर मी तिची समजूत घालायला गेलो. सूचना टाकायला हवी होती, पुढच्या वेळी टाकू, असं काहीबाही बडबडलो. माझीच मला लाज वाटत होती.

"सूचना टाकीन मी," ती म्हणाली. "पण सर, तुमाले तं मालूम होतं. तुमी काहून नाई बोलले?"

मला पुढच्या वर्षीही नेमणूक मिळाली.