राउटरची उत्तरपूजा

आमच्या घराण्यात शस्त्रपूजेची परंपरा फार जुनी आहे आणि तिच्यात खंड पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शस्त्र मात्र घरात कधीच नव्हतं. आजोबा शाळामास्तर, वडील कारकून, मी ग्रंथपाल. त्यामुळे खंडेनवमीला आमच्या पाटावर विळी, अडकित्ता, हातोडी आणि वडिलांचा स्टेपलर एवढी आयुधं असत. शत्रू चालून आलाच असता तर आम्ही त्याला फार तर टाचला असता.

पुढे पाटावरची मंडळी बदलली. मिक्सर आला. सूनबाई घरून काम करायला लागल्यावर तिचा लॅपटॉप आणि राउटर आला. माझ्या बायकोचा हिशेब साधा आहे: ज्याच्यावर घर चालतं त्याला हळदकुंकू. मला अजून लावलेलं नाही.

पूजा झाली की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हाही नियम. खंडेनवमीला आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडचे मागसुद्धा बंद असतात. मुलगा तिथल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे हे आम्हाला अधिकृतरीत्या कळतं. राउटरला एक सवलत होती. त्याची पूजा तो चालू असतानाच होई, जागेवर, फक्त नंतर त्याला हलवायचं नाही. गेल्या वर्षी बायकोनं त्याच्या दोन अँटेनांना झेंडूची माळ घातली. राउटरचं कपाळ कुठं असतं हे बनवणाऱ्यांनी लिहिलेलं नव्हतं. मग तिला जिथं लहानसं वर्तुळ दिसलं तिथं तिनं ओलं बोट टेकवलं आणि वरून अक्षता टाकल्या.

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाच्या डीपीला काहीतरी झालं. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. वायरमन खांबावर चढला तशी आणखी दोनदा गेली. राउटर तेव्हा नेमका आपला अपडेट घेत होता. संध्याकाळी लाईट टिकली, पण राउटर उठेना. त्याचे सगळे दिवे एकदम लागत, विझत आणि पुन्हा लागत. फर्मवेअर उडालं, असं सूनबाईंनी सांगितलं. मला समजलं ते इतकंच की आपण राउटर आहोत ही एकच गोष्ट त्याला पाठ होती आणि तीच तो विसरला होता.

एरवी मी याला सुट्टी म्हटलं असतं. पण सूनबाईंच्या कंपनीचं गिऱ्हाईक परदेशातलं, त्याला दसरा नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता तिला कामावर बसायचं होतं. आधीच दोनदा नेट गेल्यामुळे पुण्याच्या मॅनेजरनं बजावलं होतं की आता पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, पुण्याला यायचं. म्हणजे तिथं खोली, इथं नवरा आणि शनिवार-रविवारचा संसार. मोबाईलच्या नेटवरून काम करायला कंपनीची बंदी होती. नवा राउटर आणावा तर तो नेटवाल्याला त्याच्या बाजूनं जोडून द्यावा लागतो, आणि नेटवाला दसऱ्यासाठी होटगीला सासुरवाडीत होता. तो फोनवर म्हणाला की परवा येतो, आणि सोन्याच्या शुभेच्छा दिल्या.

सकाळी मुलगा माग सुरू करायच्या मुहूर्ताला निघून गेला. सूनबाई माळ घातलेल्या राउटरपुढे उभी राहिली.

"आई, याला उचलू का?"

"उत्तरपूजा व्हायची हाय अजून." घाबरली की बायकोच्या तोंडात माहेरचं मंगळवेढं येतं. एरवी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते.

"मग करून टाका की."

"मुहूर्त दुपारचा हाय."

"माझापण दुपारचाच आहे, आई. दीडचा."

बायकोनं देवाला अडचण समजावून सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटत घाईनं उत्तरपूजा उरकली. राउटरवर आणखी एक चिमूट अक्षता पडल्या आणि तो कामाला मोकळा झाला.

सूनबाईंनी गच्चीवर जाऊन मोबाईलवर राउटरच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं फर्मवेअर उतरवलं आणि लॅपटॉपमध्ये घेतलं. मग लॅपटॉप आणि राउटर तारेनं जोडले. रिसेटचं बटण एका बारीक भोकात असतं. ते पिनेनं दाबून धरायचं आणि तसंच धरून राउटर चालू करायचा. मग तो म्हणे स्वतःच लॅपटॉपकडे फाईल मागतो. भिंतीवरचं बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. ती "हं" म्हणायची आणि मी दाबायचो. राउटरनं काही मागितलं नाही. आम्ही तार बदलली, पुन्हा केलं. अनेकदा केलं. दिवे लागत होते आणि विझत होते.

शेवटी तिनं पिन टेबलावर ठेवली. "अण्णा, गेला हा," एवढंच म्हणाली आणि मोबाईल घेऊन मॅनेजरला लिहायला बसली. तिनं काय लिहिलं ते दिसत नव्हतं, पण ती खोडत होती जास्त.

बायको टेबल आवरायला आली. खरं तर टेबलावर आवरण्यासारखं काही नव्हतं. तिनं पिन उचलली.

"बोटाला लागलं का गं? टोक लाल हाय हे."

सूनबाईंनी आपली बोटं पाहिली, मग पिन हातात घेऊन नाकाशी नेली.

"रक्त नाही, आई. कुंकू आहे."

मोबाईलच्या उजेडात आम्ही तिघांनी भोकात पाहिलं. आत हळदकुंकवाचा गारा वाळून घट्ट बसला होता आणि त्यात तांदळाचा दाणा आडवा रुतला होता. पिन इतका वेळ बटणावर नव्हे, दाण्यावर टेकत होती. दुरुस्तीची परवानगी आणि दुरुस्तीतली अडचण एकाच हातातून पडली होती, असं मला म्हणायचं होतं. चाळीस वर्षांचा संसार आठवून मी मोबाईलचा उजेड नीट धरला.

"याचं कपाळ फारच खोल आहे," सूनबाई म्हणाली.

"पूजा करताना भोकं बघत न्हाईत," बायको म्हणाली. तिनं चष्मा लावला, सुई आणली आणि राउटर मांडीवर घेऊन तांदळातले खडे वेचावेत तसं ते भोक साफ केलं. कुणाला हात लावू दिला नाही. दाणा बाहेर आला तेव्हा तिनं तो टाकला नाही, पदराच्या टोकात ठेवला.

या वेळी बटणाचा टक् असा आवाज झाला. राउटरनं फाईल मागितली. ती जाईपर्यंत लाईट जाता कामा नये, हे ऐकून बायको भिंतीवरच्या बटणाशी जाऊन उभी राहिली. तिथं उभं राहिल्यानं डीपीला काय फरक पडतो, ते तिलाच ठाऊक. दिवे एकेक करून नीट लागले. नेटवाल्यानं दिलेला पासवर्ड सूनबाईंच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेला होता, तो भरला. दीडच्या आत ती कामावर बसली. मॅनेजर उशिरा आला, पुण्यात त्याच्याकडची लाईट गेली होती. मघाचा मेसेज तिनं पाठवलाच नव्हता.

सूनबाई अजून सोलापुरातच आहे. यंदा खंडेनवमीला परंपरेप्रमाणे शस्त्रपूजा झाली. बायकोनं राउटरच्या भोकावर आधी जखमेवरची चिकटपट्टी लावली आणि कुंकू त्या पट्टीला लावलं.