पायडलवरचे ठोकळे

हिलालभाऊंचं सायकलचं दुकान आणि माझं फॉल-पिकोचं दुकान, मध्ये फक्त पत्रा. सुरतेच्या पर्वत पाटियाला इतकी दुकानं, पण मला शेजार मिळाला तो रंगकाम करणाऱ्याचा. माझे धागे उडून त्यांच्या ओल्या रंगावर बसतात आणि ते तिकडून ओरडतात, "उज्ज्वला, पंखा बंद कर!" पंखा बंद करायला मी काय बर्फाच्या लादीवर बसलेय?

माणूस मात्र कामाला पक्का. मूळ पारोळ्याकडचे. तरुणपणी इथे लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर आले, तो खडखडाट सोसेना म्हणून सायकलच्या दुकानात लागले, ते आज बासष्टाव्या वर्षीही तेच करतात. हल्ली सुरतेत जुन्या सायकलींचं वेड आलंय. लोक बंगल्यात, हॉटेलात शोभेला ठेवतात. कुणी म्हणतो चकाचक करा, कुणी म्हणतो गंजसुद्धा तसाच ठेवा, ओरिजिनल पाहिजे. या दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाऊ सरळ पिटाळायचे. "गंजच ठेवायचा तर माझ्याकडे कशाला आलास? अंगणात उभी कर, फुकटात होईल." त्यांच्या हातून गेलेली सायकल कधी जुनी होती असं वाटताच कामा नये, एवढीच त्यांची हौस.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुंदन आला. कडोदऱ्याचा, इथे कापड मार्केटात नोकरीला. टेम्पोतून एक काळी, मोठ्या दांडीची सायकल उतरवली. "काका, बाबांची आहे. पुढच्या आठवड्यात त्यांचं वर्षश्राद्ध. एकदम नवी करी आपजो, नव्यासारखी करून द्या. आईला दाखवायचीय." त्याचे बाबा, उखा, आयुष्यभर लूमवर होते. सांगताना तो हाताने दांडीवरची धूळ पुसत होता. मी पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी भाऊ सायकल खोलायला बसले आणि थांबले. दोन्ही पायडलांवर लाकडाचे जाड ठोकळे बोल्टने बसवलेले. लाकूड धोट्याचं होतं. लूमवर ताण्यातून इकडून तिकडे धावतो ना, तो धोटा. लूमवाल्यांच्या घरात त्याचं काय काय होतं, दाराची खिट्टीसुद्धा. एरवी भाऊंनी ते काढून भंगारात फेकले असते. पण ते मला हाक मारून म्हणाले, "हा उखा केवढा होता?"

"मला काय माहीत? मी काय माप घेतलं होतं?"

"कुंदनच सहा फूट आहे. बाप म्हणे त्याच्याहून उंच. मग याला ठोकळे कशाला? आणि सीट बघ, पार खाली दाबलेली."

झालं! काम राहिलं बाजूला, आणि रंग विचारायच्या निमित्ताने हे कडोदऱ्याला, कुंदनच्या आईकडे, सरलाबाईंकडे. परत आले ते तोंड पाडून. चहा सांगितला आणि अर्धा तसाच ठेवला.

"सायकल ती चालवायची," ते म्हणाले.

कुंदन पाळण्यात असताना उखाचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात सापडला. तीन महिने प्लास्टर. ड्रेसिंगला दवाखान्यात जायचं ते पाच मैल. सरलाबाई चार फूट दहा इंच, त्यात साडी, त्यात मधली दांडी. उखानेच डाव्या हाताने धोटा कापून ठोकळे बसवले आणि मैदानात मागून धावत तिला शिकवलं. मग ही काष्टा घालून चालवायची, तो मागे कॅरिअरवर. उजाडायच्या आत निघायचे, कारण बायकोच्या मागे बसतो म्हणून चाळीतले भाऊबंद उखाला जगू देणार नाहीत. हात बरा झाल्यावर त्याने स्वतःसाठी दुसरी सायकल घेतली, ती पुढे मोडीत गेली; घरात राहिली ती हीच. या सायकलीचे ठोकळे काही काढले नाहीत.

"आणि आता ती काय म्हणते?" मी विचारलं.

"काढून टाका म्हणते. पोराला वाटतं बापाची आहे, तर बापाचीच राहू द्या."

माझं डोकंच फिरलं. "आणि तुम्ही काढणार? भाऊ, ते ठोकळे निघाले तर त्या बाईने केलेलं कुठे राहिलं? कुणाला कधी कळणार?"

"अगं, तिचाच शब्द आहे!"

"नवऱ्याची अब्रू राखायला काढलेला शब्द आहे तो."

भाऊंनी एक पायडल हाताने फिरवून बघितलं. म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांच्या सायकली घासल्या, उज्ज्वला. कितीजणांचं काय काय काढून फेकलं असेल? मला सगळा कचराच वाटायचा." इतकं हरलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण मी काही माझं म्हणणं सोडलं नाही.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी टेम्पो ठरवून आम्ही कडोदऱ्याला गेलो. मी मुद्दाम सोबत गेले. यांच्यावर काय भरवसा, बाईने पुन्हा सांगितलं की काढतील. ओट्यावर सरलाबाई होत्या, कुंदन होता. सायकल खाली उतरली आणि कुंदनचा चेहरा पडला. ट्यूब नव्या, ब्रेक नवे, साखळीला तेल; पण रंगाचा एक हात नाही. गंज जिथल्या तिथे.

"काका, हे काय? नवी करायला दिली होती ना? आणि हे लाकूडही तसंच?"

भाऊंनी खिशातून पाना काढला आणि सरलाबाईंसमोर धरला. "ताई, तुम्ही काढा म्हणालात. माझ्या हातून होत नाही. तुमच्या हाताने काढा, परवापर्यंत रंग मारून देतो. बोला, काय करायचं?"

सरलाबाई पाना हातात घेऊन बघत राहिल्या. मग उठल्या, सायकलशेजारी उकिडव्या बसल्या आणि बोल्टला पाना लावला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊंनी माझा हात दाबला. बाई सोडवत नव्हत्या. आवळत होत्या. टेम्पोत हिसके बसून ठोकळा ढिला झाला होता.

"आई, काय करतेस?"

"हाई सायकल मनी शे," सरलाबाई म्हणाल्या. ही सायकल माझी आहे. "तुझ्या बाबांचा हात मोडला, तेव्हा मीच न्यायची त्यांना. ते मागे बसायचे."

कुंदन बघतच राहिला. वर्षभर तो भेटेल त्याला बाबांच्या सायकलीबद्दल सांगत होता. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "मला का नाही सांगितलं कधी?"

"तू विचारलं कधी?"

बाई दुसऱ्या बाजूला गेल्या. तिकडचं पायडल गरगर फिरायचं, पाना बसेना. कुंदन खाली बसला आणि आईला बोल्ट आवळता यावा म्हणून त्याने ते पायडल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.