ताईच्या अंगावरचे फोड

आधी ताईच्या तोंडात फोड आले. जयगडहून फोनवर ती म्हणायची, "पेजसुद्धा गिळवत नाही गं." आम्हाला वाटलं, उष्णता झाली असेल. मग तिच्या पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठले. ते फुटले की कातडी सोलून निघायची. मी तिला रत्नागिरीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा हलकेच दाबून सरकवला. कातडी सरकली.

ताईने विचारलं, "दुसऱ्या कुणाला होईल का हो हे? घरात लहान नात आहे."

"नाही, हा संसर्ग नाही. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं असतात. तुमचं शरीर चुकून त्यांच्यावरच हल्ला करतंय, म्हणून पेशी सुटतायत. तरी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासू."

रिपोर्ट येईपर्यंत ताई माझ्याकडेच राहिली. चादर पाठीला चिकटायची, म्हणून मी केळीची पानं अंथरून तिला निजवायचे. तिला हात धरून उठवायची भीती वाटायची. माझ्याच बोटांनी कातडी निघाली तर?

रिपोर्टमध्ये तेच निघालं. स्टेरॉईड सुरू झाली. काही आठवड्यांनी नवे फोड थांबले, पण त्या औषधांनी चेहरा सुजला, साखर वाढली. आजार परत येऊ शकतो, हेही डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय.

ताई आता बरी आहे. तरी भेटली की मी तिची पाठ बघते आणि ती वैतागते, "अगं, किती बघशील!"