दोन वळकट्या

सिंगापूरला नदीकाठच्या एका जुन्या गोदामात जहाजांचं म्युझियम आहे. जाड भिंती, वर लाकडी तुळया, आणि एसी इतका की गाईडसुद्धा शाल घेऊन येतात. दर शनिवारी मी आणि माझी मैत्रीण तिथे हौसेने गाईडचं काम करायचो. ती पुण्याची, मी रत्नागिरीकडची. तिचे वडील बँकेत होते. एकदा लाँचने घारापुरीला गेले तर परत येईपर्यंत ओकत होते, हे तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं.

माझे बाबा मालवाहू जहाजावर खलाशी. जहाजावर झोपायच्या बंकला दोन्ही बाजूंनी फळ्या असतात, आणि त्या अंगाला लागल्याशिवाय त्यांना झोपच यायची नाही. सुट्टीवर घरी आले की आई जमिनीवर अंथरूण घालून त्यांच्या दोन्ही अंगांना वळकट्या लावायची. बाबा गेले तेव्हा, त्यांना उचलण्याआधी, आईने त्या दोन वळकट्या आणून लावल्या. आईही आता नाही. हे मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, इथल्या पुंगोल भागातल्या माझ्या फ्लॅटच्या किचनमध्ये, रडत. मैत्रिणीने तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

म्युझियममध्ये पहिल्यांदाच मराठी टूर ठरली, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की आता हे सगळ्यांसमोर सांगायचं. खलाशाचा खरा बंक वरच्या मजल्यावर आहे आणि तो मजला माझ्याकडे होता. खालचा तिच्याकडे. माझी लेकही येणार होती. तिला आजोबा फक्त फोटोतले माहीत.

खाली दोरखंडांपाशीच तिने सुरुवात केली. "माझे बाबा जहाजावर होते," ती म्हणाली. मला वाटलं, बोलताना चुकली असेल. मग वळकट्या आल्या. मग तो शेवटचा दिवसही आला, आणि बाईंचा आवाज नेमका तिथे कापरा झाला. बायका डोळे पुसत होत्या. माझी लेकसुद्धा. मी सगळ्यांच्या मागे दातखीळ बसल्यासारखी उभी. वर गेल्यावर बंकची लांबी-रुंदी सांगितली आणि पुढे सरकले.

नंतर तिला गाठलं. ती जरासुद्धा वरमली नाही.

"अगं, लोकांना असं काहीतरी लागतं," ती म्हणाली. "आणि तू थोडीच कधी सांगणार होतीस?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अजून आठवलं की अंगाची लाही होते. मी तिच्याशी पुन्हा बोललेले नाही.

घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये लेक शेजारी बसली होती. मी तिला सांगितलं की ते मावशीचे बाबा नव्हते, माझे होते, तुझे आजोबा; वळकट्या तुझ्या आजीने लावल्या होत्या. तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"आई, डोन्ट कॉपी लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "दॅट्स मावशीज स्टोरी."