खिशातली मीटिंग

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. स्वराला शाळेतून आणायला मी निघाले होते. पट्टा तुटला म्हणून एक चप्पल पायात आणि एक हातात. तेवढ्यात नवरा खाटेवरून उठला, माझा फोन माझ्याच समोर धरला आणि म्हणाला, "संध्याकाळची ही लिंक कशी उघडतात बघ ना. माझे हात थरथरतायत."

आमचं सगळं तिथून सुरू झालं.

आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, पण लिहिताना मारते. संदेश म्हणूया. एमडी घ्यायचा, ती नशेची पावडर. दोनदा सेंटरमध्ये ठेवला, दोनदा घरी आल्यावर पुन्हा तेच. शेवटी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी ही मीटिंग सांगितली. फोनवरच असते, फुकट असते. नशा सोडणारी माणसं रोज जमतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

अशा घरात किस्से फार साठतात. बाहेर कुणाला सांगता येत नाहीत, म्हणून तर साठतात. मीटिंग चालवणाऱ्या काकांना मी विचारलं, लिहू का? काका गिरगावात फणसवाडीला राहतात, पूर्वी स्वतः गर्द घ्यायचे. म्हणाले, "नावं बदल. बाकी खरं लिही." म्हणून नावं बदललीत. शिक्षण सातवीपर्यंत झालंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

*

मीटिंगमध्ये कुणी आडनाव सांगत नाही, चेहरा दाखवला नाही तरी चालतं. संदेशचा स्वतःचा फोन केव्हाच गेला होता, त्यामुळे तो माझ्या फोनवरून बसला. या फोनवर लॉकडाऊनमध्ये स्वराची शाळा चालायची. तेव्हा बाईंनी नाव घालून दिलं होतं, ते तसंच राहिलं.

झालं काय, स्क्रीनवर संदेशच्या जागी आलं, 'स्वरा, ज्युनिअर केजी'.

कुणी हसलं नाही. काकांनी एकदम गंभीर आवाजात विचारलं, "स्वरा, आज काही बोलायचंय का?" तर हा दाढी वाढलेला बाप्या म्हणाला, "हो काका. आज खूप तलफ येतेय."

पुढे नाव बदलायचं कसं ते मी शिकले. विचारलं, "अहो, बदलून देऊ का?"

"राहू दे," म्हणाला. "या नावाने खोटं बोलायला जड जातं."

पण बोलायचा. जड जायचं तरी बोलायचा. मला कळायचं, कारण खोटं बोलताना तो फोन तोंडाजवळ घेतो.

*

घोडपदेवला आमची एकच खोली. मीटिंगमधलं बाहेर कुणी ऐकू नये असा नियम आहे, पण ऐकणारे जाणार कुठे? पहिल्या आठवड्यात कुकरची शिटी झाली, तसे काका म्हणाले, "मागे कोण आहे?"

"मी बायको. आणि सासूबाई आहेत. आम्ही गॅलरीत जाऊ का?"

"गॅलरीत अजून चार जण ऐकतील. बसा आतच."

तेव्हापासून आम्ही दोघी पण मेंबर. सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या. एकदा एक जण सांगत होता, आईची पोत काढून नेली, आई झोपली होती. सांगताना रडत होता. आणि कोपऱ्यातून सासूबाई, "मेल्या, आवशीक इचारलंस तरी?"

मी फोनवर हात ठेवला, पण जायचं ते गेलं होतं.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "नाही विचारलं, आजी."

"मागितलं असतंस तर दिली असती तिनं."

"म्हणूनच नाही विचारलं."

सासूबाईंचे हात तांदळात तसेच थांबले. खोलीत संदेश होता, मी होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

*

शाळेची पालक मीटिंग. तीही फोनवरच, तीही संध्याकाळी. दोन लिंका एकाखाली एक. संदेश नेहमीसारखा डोळे मिटून बसला. हे सगळे डोळे मिटूनच बोलतात. त्याच्या कानावर पडलं, "कुणाला काही शेअर करायचंय का?" याने बटण दाबलं.

"मी संदेश. मी नशेडी आहे. आज सकाळपासून मनात वाईट वाईट विचार येतायत."

डोळे उघडले तर समोर सगळे आईबाप. कुणाच्या मांडीवर पोर, कुणी भाजी चिरतंय. मला मोरीत जाऊन लपावंसं वाटलं.

बाई चांगल्या. घसा साफ केला. मग म्हणाल्या, "थँक्यू, स्वराचे बाबा. आता गणिताबद्दल कुणाला काही विचारायचंय का?"

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून शाळेच्या गेटवर उभी होते. एका मुलाची आई जवळ आली. नेहमी इस्त्रीची साडी, नेहमी घाईत, माझ्याशी कधी बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "वहिनी, तुमचा तो ग्रुप आहे ना, त्यात लेडीज चालतात का?"

मी लिंक पाठवली. कोणासाठी ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

*

मीटिंगमध्ये एक जण होता, त्याला सगळे नाखवा म्हणायचे. कफ परेडच्या मच्छीमार नगरचा, बोटीवर जायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तो बोलायला लागला की सासूबाई म्हणायच्या, "आवाज वाढव गो."

एकदा म्हणाला, "पाण्यावर असलो की मी साधू. तिथे कोण इकायला येतो? माझी गडबड धक्क्यावर पाय ठेवला की सुरू. धक्का ते घर, एवढाच रस्ता माझा वाईट आहे."

काका म्हणाले, "मग तेवढा रस्ता आम्हाला घेऊन चाल."

तशी ही खिशातली मीटिंग निघाली. नाखवा बोटीवरून उतरला की फोन लावायचा, आवाज फुल करून शर्टाच्या खिशात टाकायचा आणि चालायचा. बाकीच्यांनी माइक बंद ठेवून फक्त ऐकायचं. चपला, कुत्री, कुणीतरी मासळीचा भाव करतंय, मग एक वळण. त्या वळणावर चपला हळू व्हायच्या. आम्ही कुठे कुठे बसलेली माणसं श्वास धरून. मग चपला पुन्हा जोरात. मग दाराची कडी आणि, "पोचलो रे."

एकदा मध्येच ओरडला, "अरे कोणतरी खोका ना, एकटं वाटतंय." सगळे खोकले.

*

संदेशला काम लागलं. परळला गिरणीच्या जागेवर काचेची बिल्डिंग झालीय, तिथे हाऊसकीपिंगला. त्याचे वडील त्याच गिरणीत होते, आता हा तिथली लादी पुसून घेतो. कामावरून फोन मिळाला, मग तोही खिशातल्या मीटिंगमध्ये चालायला लागला. लालबाग, काळाचौकी, मग आमचा नाका. नाक्यावर पानाच्या टपरीमागे विकणारा उभा असतो. शाळेत संदेशच्या बाकावर बसायचा. घरी मी माझा फोन कानाला लावून बसायचे.

गणपतीत एक दिवस ढोल एवढे की चपला ऐकूच येईनात. काका म्हणाले, "घाबरू नकोस, चालतोय तो." ढोल मागे पडले. चपला आल्या. नाका आला, चपला थांबल्या नाहीत. आमच्या जिन्याच्या लाकडाचा आवाज आला. सगळ्यांनी माइक उघडून टाळ्या वाजवल्या. नाखवाने शिट्टी मारली.

दार उघडलं तर मंडळातला एक कार्यकर्ता. अंगावर गुलाल, हातात फोन.

"वहिनी, संद्याने दिला. बोलला, चालू ठेव आणि घरी नेऊन दे."

टाळ्या अजून वाजत होत्या.

संदेश दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी बॅग भरून ठेवली होती, माझे चार कपडे, स्वराचे सगळे. "या वेळी थांबते," मी सांगितलं. "पुढच्या वेळी काही बोलणार नाही. स्वराला घेऊन माहेरी कणकवलीला निघून जाईन."

त्याने बॅगेकडे बघितलं. "खाटेखाली ठेवू नकोस," म्हणाला. "दिसेल अशी ठेव."

अजून कपाटावर आहे. खाली काढली नाही.

*

मग थंडीत एक दिवस काकांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात सांगितलं, "नाखवा गेला. बोटीवरून उतरला, त्या दिवशी त्याने फोन लावला नाही."

नुसते सगळ्यांचे पंखे ऐकू येत होते.

जेवताना संदेश म्हणाला, "आपल्याला चालायला त्याने शिकवलं. त्याचंच असं झालं, तर मी काय चीज आहे?" मी कपाटावर बघितलं, त्यानेही बघितलं.

काही दिवसांनी काका म्हणाले, "आज नाखवाची आई आपल्यात बसणार आहे. मुलगा रोज कुणाशी बोलायचा, ती माणसं तिला ऐकायचीत." ती त्याच्याच फोनवरून आली. स्क्रीनवर 'नाखवा' असं नाव दिसलं.

मग संदेशचा फोन आला आणि आम्ही ऐकायला लागलो. लालबाग. काळाचौकी. वडे तळतायत, कुणाची तरी स्कूटर. चपला आज जडच होत्या. नाका आला. चपला हळू झाल्या.

मग थांबल्या.

एक आवाज आला, अगदी प्रेमाने. "काय संद्या, किती दिवसांनी. चेहरा बघ काय करून घेतलास. ये ना."

चपला हलेनात. सासूबाईंनी माझा हात धरला, नखं रुतली. काकांनी हाक मारायला हवी होती, मारली नाही.

नाखवाच्या आईला माइक बंद ठेवायचा नियम कुणी सांगितला नव्हता.

"कोन चालतंय रे?" ती म्हणाली. संदेशच्या खिशातून, भर नाक्यात.

"मी संदेश, आई. कामावरून घरी चाललोय."

"मंग थांबलास कशाला?"

चप्पल रस्त्यावर घासल्याचा आवाज आला.

"तुझ्याजवल कोन हाय? इकनारा हाय काय?"

"हो."

काकांना तिचा माइक बंद करता आला असता. त्यांनी केला नाही.

"मंग त्याला सांग," ती म्हणाली. रडत नव्हती. शेजारणीकडे निरोप द्यावा तसा आवाज. "नाखवाची आय सांगते म्हनावं, माजा पोर गेला. त्याला कोनी सांगितला नसंल. आमच्या इथला इकनारा येगला, तुजा येगला, मला कलतंय ते. तरी सांग. आनि त्याला बोल, तुज्या वलखीचे जे जे असे नाक्यावर उभे ऱ्हातात ना, त्या सगल्यांना पन पुढं सांग."